आईच्या पायातली गुठळी

मी पायाळू आहे. आईच्या पोटातून डोक्याआधी माझे पाय बाहेर आले, आणि तेवढ्या भांडवलावर आमच्या वस्तीत मला जन्मापासून मान मिळाला. हल्ली खारघरच्या सोसायटीतल्या बायकांना पायाळू म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं, पण पनवेलला खाडीच्या अंगाला आमची वस्ती होती तिथे ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कंबरेत उसण भरली, पाठीत चमक निघाली की माणूस पायाळू शोधत निघायचा. सकाळी मी अंथरुणात असतानाच दारात कोणीतरी कण्हत उभं असायचं. आई मला हलवून उठवायची, तो माणूस ओटीवर पालथा पडायचा, आणि मी उजव्या पायाचा तळवा त्याच्या कंबरेवर तीनदा टेकवायचे. तेवढ्यात बोलायचं नाही, हसायचं नाही. एकदा आमचे शाळेतले पी.टी.चे सर येऊन असे पालथे पडले होते, तेव्हा हसू दाबताना माझा जीव जायची वेळ आली. काहींना खरंच बरं वाटायचं. कोणी नारळ आणून द्यायचं, कोणी चार सुके बोंबील. मला वाटायचं, माझ्या पायात काहीतरी आहे. पुढे वाटायला लागलं, हातातही असणार.

याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. पायाळूवर वीज पडते असंही लोक मानतात. त्यामुळे आभाळ जरा काळवंडलं की पटांगणातून एकेक आई आपापल्या पोराला हाक मारून घ्यायची, आणि खेळ मोडायचा. सगळी पोरं कुणाच्या तरी एका ओटीवर जमून पुन्हा खेळायला लागायची. मी आमच्या घरात, दार लावून. भाऊ-बहीण कोणी नव्हतं. पलीकडचा आरडाओरडा भिंतीतून ऐकू यायचा आणि मी पितळी डब्याच्या झाकणात तोंड बघत बसायचे. बाजार आटोपून आई घरी असली तर माझ्या शेजारी येऊन बसायची, मुद्दाम चिकटून. "पडंल तं दोघींवर पडंल," म्हणायची, आणि अडकित्त्याने सुपारी कातरायला लागायची.

आई मासळी बाजारात बसायची. उंच, काळी, आवाज खणखणीत. तिच्याशी भाव करायला लोक बिचकायचे, आणि घासाघीस झाली नाही तर ती उदास व्हायची. बाबा ट्रेलर चालवायचे. न्हावा शेवाचं बंदर नवीन सुरू झालं होतं आणि आमच्याकडच्या बऱ्याच गडीमाणसांना तिकडे काम लागलं होतं. बाबा दोन-दोन दिवस घरी नसायचे. गाडी चालवायला जितका वेळ लागायचा त्याच्या दुप्पट वेळ रांगेत जायचा. घरी आले की आंघोळ करून तांदळाची भाकरी आणि वाकट्यांचं कालवण असं पोटभर जेवायचे, आणि जेवताना एक शब्द बोलायचे नाहीत. आई मात्र बाजारातलं प्रत्येक भांडण दोन्ही बाजूंच्या आवाजात करून दाखवायची. बाबा ताटात बघून गालातल्या गालात हसायचे. त्या घरात आवाज होता तो सगळा तिचा होता, हे मला ती असताना कळलं नाही.

मी दहावीत होते तेव्हा आई बाजाराच्या ओल्या फरशीवर घसरून पडली. घोटा मोडला. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे पाय टेकायचा नाही म्हणून सांगितलं. ज्या बाईने आयुष्यात आजारपणासाठी एक दुपार काढली नव्हती तिला खाटेवर बसवून ठेवायचं म्हणजे काय, ते आम्हालाच ठाऊक. तिचा जीव अडकला होता बाजारातल्या जागेत. तिथे दुसरी एक बाई टोपली घेऊन बसायला लागली होती, आणि येणारीजाणारी प्रत्येक जण ती बातमी आईला आवर्जून सांगायची. बाबांची बहीण, माझी आत्या, शेजारच्याच घरात राहायची. ती दिवसातून तीनदा येऊन जायची, डबा ठेवायची आणि आईला दम देऊन जायची. आत्याची जीभ तिखट होती. वस्तीतल्या निम्म्या लोकांशी तिचं बोलणं नव्हतं आणि उरलेले निम्मे तिला घाबरून बोलायचे.

प्लास्टर काढलं त्या दिवशी डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. हळूहळू चालायला लागा, आणि तेल लावून चोळायचं नाही. आमच्याकडे हाड बसलं की चोळणारीकडे जायची पद्धत, हे त्यांना माहीत असणार. आत्याने घरी येऊन ते सगळ्यांना ऐकवलं. "तेलाचं बोट लावायचं नाय. कोनी लावलंन तं माझ्याशी गाठ हाय." हे ती मला बघून म्हणाली असं मला वाटलं, आणि रागही आला.

आई दोन दिवस भिंतीला धरून चालली. मग पोटरी सुजायला लागली. प्लास्टर काढल्यावर सूज येतेच, असं सगळे म्हणाले, डॉक्टरांनीही तसं सांगितलं होतं. पण ही सूज निराळी होती. पोटरी टणक झाली, कातडी ताणून चकाकायला लागली, आणि हात लावला तर गरम लागायची. मी रोज बघत होते, मला निराळं दिसत होतं, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही कारण मला कोणी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. आत्या दळण आणायला गेली होती. आई खाटेवर पाय लांब करून बसली होती, तोंड उतरलं होतं. मला म्हणाली, "हिरू, लोकांच्या उसनी काढतीस. आयचा पाय दिसत नाय व्हय तुला?"

ती मस्करीतच म्हणाली. पण मी ते मस्करीवर नेलं नाही. मी म्हटलं, आत्या ओरडेल. आई म्हणाली, "तिला कोन सांगतंय? सोमवारी मना बाजारात जायचंय." मी खोबरेल तेल कोमट केलं. आधी तळवा तीनदा टेकवला, रीतीप्रमाणे, मग खाली बसून दोन्ही हातांनी पोटरी चोळायला लागले. घोट्याकडून गुडघ्याकडे, दाबून, अंगठे रुतवून, चोळणारीला करताना बघितलं होतं तसं. आईने खाटेची कड घट्ट धरली होती. मी थांबले की म्हणायची, "कर, कर, उतरतंय." मला खरंच वाटलं उतरतंय. माझ्या हाताखाली ती गाठ मऊ होत चालली आहे असं मला स्पष्ट जाणवलं, आणि मला इतका आनंद झाला की मी आणखी जोर लावला. अर्धा तास तरी चोळलं असेल. मग पाय फडक्याने पुसला, साबणाने धुतला, तेलाची वाटी घासून जागेवर ठेवली. आत्या आली तेव्हा आम्ही दोघी भल्या बायकांसारख्या तांदूळ निवडत होतो.

मी गेली तीस वर्षं रक्त तपासते आहे. खांदा कॉलनीतल्या एका लहानशा लॅबमध्ये माझी खुर्ची आहे आणि खिडकीतून रिक्षास्टँड दिसतो. आमच्या कामात शब्द काटेकोर लागतात. नळीत घेतलेलं रक्त थोड्या वेळाने गोठतं, त्याला आम्ही नुसतं क्लॉट म्हणतो. गुडघा फुटल्यावर खपली धरते तिला कोणी थ्रॉम्बस म्हणत नाही. माणूस मेल्यावर शिरांमध्ये रक्त थिजतं, तेही थ्रॉम्बस नव्हे, ते मऊ असतं आणि शिरेला चिकटलेलं नसतं. थ्रॉम्बस म्हणजे जिवंत माणसाच्या अंगात, रक्त वाहत असताना, शिरेच्या आतल्या भिंतीला धरून वाढलेली गुठळी. ती जागा सोडून रक्ताबरोबर वाहायला लागली की तिचं नाव बदलतं, तिला एम्बोलस म्हणतात. नव्या मुली हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरतात तेव्हा मी त्यांना झापते, आणि मॅडम फारच किरकिऱ्या आहेत असं त्या पाठीमागे म्हणतात. म्हणू देत. मराठीत आपण सगळ्यालाच गुठळी म्हणून मोकळे होतो, पण जी एका जागी आहे आणि जी निघाली आहे, या दोघींत किती फरक असतो ते मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मोरीत जायला उठली, चार पावलं चालली आणि चुलीजवळ मटकन खाली बसली. तिला श्वास मिळेना. छातीवर हात ठेवून ती तोंड उघडत होती आणि आवाज फुटत नव्हता. तिचा आवाज फुटत नाही हे बघूनच मी किंचाळले. आत्याने रिक्षा आणली. गावातल्या एका खासगी हॉस्पिटलात तिला आत घेतलं, नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क लावला. डॉक्टर तरुण होते, पंजाबी की कुठले, मराठी मोडकं बोलत होते. त्यांनी छाती ऐकली, मग पायावरची चादर बाजूला केली, दोन्ही पोटऱ्या बघितल्या आणि त्यांचा चेहरा बदलला.

"ये पाय कधीपासून सुजला?"

"चार दिवस झाले," आत्या म्हणाली.

"किसीने मालिश केला? कोणी चोळला पाय? बराबर सांगा."

आत्याने माझ्याकडे बघितलं नाही. तिने आईकडे बघितलं. आईने हात वर करून मास्क बाजूला ओढला. नर्स तिला थांबवत होती. आईने एकेक शब्द श्वासाबरोबर बाहेर काढला. "नाय. कोनी. हात नाय लावला." एवढं बोलताना ती छताकडे बघत होती, आणि बोलून झाल्यावर एकदा, अगदी एकदाच, तिने माझ्याकडे बघितलं.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तू असते ना घरी? सच बोल."

मी "नाही" म्हणाले. म्हणजे कोणी चोळला नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं, मग ते दुसरं काही तरी तपासायला लागले. हृदयाचा ईसीजी काढा, दम्याचा त्रास होता का, असं त्यांचं सुरू झालं. मग म्हणाले, मोठ्या हॉस्पिटलला हलवावं लागेल. गाडीची वाट बघत असताना, दुपारचे बारा वाजायच्या आत, आई गेली. तिचं शेवटचं बोलणं ते होतं. माझ्यासाठी बोललेलं, खोटं.

आजही मला चोळल्याचं तितकं वाईट वाटत नाही. मी पंधरा वर्षांची होते आणि मला काही माहीत नव्हतं. पण त्या "नाही"ला वयाचं निमित्त पुरत नाही. मी खरं बोलले असते तर डॉक्टरांनी लगेच रक्त पातळ करायचं इंजेक्शन दिलं असतं का, दिलं असतं तर ती वाचली असती का, हे मी नंतर वेगवेगळ्या डॉक्टरांना, दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट असल्यासारखं, विचारून बघितलं आहे. एक म्हणाले कदाचित. एक म्हणाले, इतकी मोठी गुठळी फुप्फुसात गेली असेल तर काहीच उपयोग झाला नसता. एक म्हणाले, ती चोळण्याने सुटली की नुसती उठून चालल्याने सुटली, हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. तिघेही आपापल्या जागी बरोबर होते आणि मी चहा पिऊन घरी आले.

बाबांना निरोप पोचायला दुपार झाली. ते ट्रेलर बंदराच्या रांगेतच सोडून कुणाच्या तरी गाडीवर बसून आले. डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, पायाच्या शिरेत थ्रॉम्बस झाला असणार, खून की गाठ, ती सुटून वर गेली. बाबांनी मान डोलावली. त्यांना काही कळलं नव्हतं. मला मात्र तो शब्द नेमका ऐकू आला आणि मी तो मनात घोकत राहिले, कारण त्याच्याखेरीज माझ्या हातात काही नव्हतं. पुन्हा शाळेत जायला लागल्यावर मी वाचनालयातला जाडा इंग्रजी-मराठी कोश काढला. "रक्ताची गुठळी" एवढे दोनच शब्द लिहिले होते. ती कशाने सुटते, कोणामुळे सुटते, याबद्दल काही नव्हतं. मी कोश परत ठेवला. मग पुन्हा काढला. असं मी त्या वर्षात बऱ्याचदा केलं.

घर इतकं गप्प झालं की घड्याळ ऐकू यायचं. बाबा कामावर गेले की मी एकटी. भाकरी एका माणसापुरती थापायला हात बसायला फार दिवस लागले, पीठ नेहमी जास्तच मळलं जायचं. आत्या डबा आणायची आणि बसायची नाही. दिवसकार्य झाल्यावर महिन्याभरात पहिला माणूस उसण घेऊन दारात आला. मी म्हटलं, मी आता करत नाही. तो हसला, मग रागावला. त्यानंतर दोघेतिघे आले, त्यांनाही तेच. मुलगी शिष्ट झाली, चार बुकं शिकली म्हणून, असं वस्तीत झालं. हळूहळू सकाळी दारात कोणी येईनासं झालं. ज्या कारणासाठी लोक मला ओळखत होते ते कारणच संपलं, आणि दुसरं कुठलं माझ्याजवळ नव्हतं. आभाळ भरून आलं की मी आपणहून दार लावून घ्यायचे, कोणी सांगायच्या आधी.

पुढे लॅबचा कोर्स करताना एका मॅडमनी सहज शिकवलं की नवी गुठळी पहिले काही दिवस सैल असते, जुनी झाली की ती भिंतीला घट्ट धरते. सगळ्या मुली वहीत लिहीत होत्या. मी बोटांवर दिवस मोजले, तीन, आणि पेन खाली ठेवलं. शेजारच्या मुलीने विचारलं, लिहीत का नाहीस? मी म्हटलं, मला माहीत आहे.

पण त्याआधीची, आई गेली त्याच वर्षीची गोष्ट सांगायची राहिली. दहावीची परीक्षा संपली होती. आत्या एका लग्नाला अलिबागकडे गेली होती आणि मला एकटीला घरात ठेवायचं नाही म्हणून बाबांनी सकाळी मला ट्रेलरमध्ये बसवून बरोबर नेलं. इतक्या उंचावर मी पहिल्यांदाच बसले होते. बंदराच्या अलीकडे ट्रेलरची रांग लागली होती, पुढेही तेच आणि मागेही तेच. बाबांनी इंजिन बंद केलं, डबा उघडला. सुकट आणि भाकरी. आम्ही शेजारी शेजारी बसून जेवलो, दोघांची तोंडं समोरच्या कंटेनरकडे. तोंडासमोर तोंड नव्हतं म्हणूनच मला बोलता आलं असावं. मी म्हटलं, "बाबा, आयचा पाय मी चोळला होता."

त्यांचा घास हातातच राहिला. मी सगळं सांगितलं. तेल, अर्धा तास, डॉक्टरांनी काय विचारलं, आई काय म्हणाली, मी काय म्हणाले. मला रडू आलं नाही. सांगून झाल्यावर मी वाट बघत राहिले. मला वाटलं ते मला मारतील. खरं सांगायचं तर ते मारतील म्हणूनच मी सांगितलं होतं. त्यांनी कधी माझ्यावर हात उचलला नव्हता, पण आज उचलतील, ओरडतील, निदान "का ग?" म्हणून विचारतील, आणि मग ते आमच्या दोघांचं होईल.

मागच्या गाडीने हॉर्न दिला. रांग पुढे सरकली होती. बाबांनी हातातला घास डब्यात ठेवला, पँटला हात पुसला, इंजिन सुरू केलं आणि ट्रेलर दोन गाड्यांच्या अंतराने पुढे घेतला. पुन्हा बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवरच ठेवले. मग समोर बघतच म्हणाले, "आत्याला माहीत हाय?"

"नाय."

"कोनालाच बोलू नको. कधीच."

मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला आणि काढून घेतला. त्यानंतर ते बावीस वर्षं जगले. माझ्या हातचं जेवले, आजारपणात माझ्याच हातून पाणी प्यायले, आणि त्या गोष्टीवर आमच्यात एक अक्षरही निघालं नाही. ते गेले तेव्हा मला वाटलं, आता तरी बोलता येईल. पण ज्याच्याशी बोलायचं तो एकच माणूस होता. आईने मला वाचवलं, बाबांनी मला वाचवलं, दोघांनी जीव ओतून वाचवलं, आणि मला एकदाही कोणी रागावलं नाही. मी अजून वाट बघते आहे.